अख्खी पपई, कापलेली पपई

मे महिना उतरणीला लागला की मी घराघरांतून जुने एक्स-रे गोळा करायला लागते. शेजारच्या काकूंचा मणका, वरच्या मजल्यावरच्या मुलाचं क्रिकेटमध्ये मोडलेलं मनगट, माझ्या नवऱ्याचे दोन्ही गुडघे. बादलीत गरम पाणी घ्यायचं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकायचा आणि एक्स-रे बुडवून ठेवायचे. तासाभरानं जुन्या मोज्यानं चोळलं की काळं सुटायला लागतं. बरगड्या पुसट होतात, मग जातात. कुणाचं तरी दुखणं मोरीतून वाहून जातं आणि हातात लख्ख पारदर्शक कागद उरतो. नवरा पेपरामागून विचारतो, "आईची फुप्फुसं यंदा कुणाच्या गळ्यात?" दर वर्षी विचारतो. दर वर्षी मी त्याच्याकडे दुर्लक्ष करते, कारण हात सोड्यानं बुळबुळीत झालेले असतात आणि अजून सात एक्स-रे बाकी असतात.

या कागदांचे मी बालवाडीतल्या मुलांसाठी नावाचे बिल्ले करते. घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी आमची शाळा आहे, आणि तिथल्या बालवाडीत मी बावीस वर्षं बाई आहे. तीन-साडेतीन वर्षांचं पोर पहिल्या आठवड्यात आपलं नाव सांगत नाही. ते रडतं, किंवा रडणाऱ्याकडे बघत बसतं. बारा वाजता गेटावर उभ्या असलेल्या मावशींना कोण कुणाचं हे कळायला हवं, म्हणून बिल्ला. दुकानातले विकतचे बिल्ले गणपतीपर्यंतही टिकत नाहीत. मुलं ते चावतात. माझे टिकतात. कागदाची घडी घालून दोन बाजूंनी मशीनवर शिवण मारायची, वरून तोंड उघडं ठेवायचं. झाला खिसा. आत चित्र आणि नावाची पट्टी सरकवायची. वर्ष संपलं की पट्टी काढायची, खिसा धुवून ठेवायचा, जूनमध्ये नवं नाव. एकेक खिसा पाच-पाच, सहा-सहा मुलांच्या गळ्यात राहिलेला आहे. आमच्या इमारतीखालचा शिंपी कातरणातल्या नाड्या देतो. नाडी गळ्याभोवती सलग कधीच ठेवायची नाही. मानेमागे दोन टोकांना टिचबटण लावायचं. कुणी ओढलं तर टिचबटण सुटतं, गळा आवळत नाही. ही युक्ती माझी. आणि भोकं दोन पाडायची, दोन कोपऱ्यांना. एकच भोक मध्यभागी पाडलं की बिल्ला गरगर फिरतो आणि नेमकी नावाची बाजू आत जाते.

हे सगळं मी एवढं सविस्तर सांगतेय, कारण या कामात मला फार शहाणपण आहे असं मी पुष्कळ वर्षं समजत होते.

चित्रांचंही तसंच. मुलांना वाचता येत नाही, पण चित्र ओळखता येतं. म्हणून प्रत्येकाला एक चित्र. जुन्या तक्त्यांतून कापलेलं: बदक, छत्री, घागर, भोपळा. आठवडाभरात मुलं एकमेकांना चित्रावरूनच हाका मारायला लागतात. मागे एकदा एका बापानं येऊन तक्रार केली होती की माझा मुलगा घरी म्हणतो, भोपळ्यानं मला ढकललं. चित्राखाली मी जाड पेनानं नाव लिहिते. पूर्ण नाव. मुलाचं, बापाचं, आडनाव. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला त्याचा गर्व आहे. पूर्ण नावाचं वळण माझ्या वडिलांनी लावलं. ते गिरणीत होते. घरी कुणी आलं आणि आम्हा भावंडांना नाव विचारलं, तर नुसतं नाव सांगितलेलं त्यांना चालायचं नाही. 'नाव पुरं सांग' म्हणायचे. सुट्टीत गावी गेलं की तिथं तर नाव कुणी विचारायचंच नाही. वाटेत भेटलेली म्हातारी थेट विचारायची, कोणाची गो तू? बापाचं नाव सांगितलं की तिचा चेहरा उजळायचा आणि आम्हाला फणसाचे गरे मिळायचे. म्हणजे आपलं नाव हे आपलं नसतंच, ते आपण कुणाचे याचं उत्तर असतं, हे मला फणसाबरोबरच मिळालं होतं.

यंदा बादलीत हात घातला आणि दोन वर्षांपूर्वीचा जून वर आला. तसा तो गेल्या वर्षीही आला होता, तेव्हा मी कामाला लागून त्याला आत दाबलं.

त्या जूनमध्ये आर्वी आली. साडेतीन वर्षांची, कपाळावर बारीक कापलेले केस, आणि पहिल्या दिवशी न रडणाऱ्या दोन-तीन मुलांपैकी एक. तिला मी पपई दिली. रजिस्टरात होतं तसं नाव लिहिलं: आर्वी संदेश घाडी. तिसऱ्या दिवशी सकाळी तिची आई, दीपाली, मुलीला सोडून परत न जाता दाराशी थांबली. तिचं ऑफिस अंधेरीला, मेट्रोची घाई, खांद्यावर डब्याची पिशवी. म्हणाली, एक काम होतं. मग पिशवीचा पट्टा नीट करत राहिली. नवऱ्यापासून वेगळी झालीय, केस चालू आहे, एवढं मला मोठ्या बाईंकडून कळलं होतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.

"बाई, सगळीकडे तेच नाव आहे," दीपाली म्हणाली. "जन्माच्या दाखल्यावर, आधारवर, तुमच्या रजिस्टरवर. ते इतक्यात बदलणार नाही, माहितीय मला. निदान गळ्यात तरी माझं असू दे ना."

त्यात न देण्यासारखं काय होतं? बिल्ला काही सरकारी कागद नाही. मी त्याच दिवशी नवी पट्टी लिहिली: आर्वी दीपाली सावंत. दुसऱ्या दिवशी सकाळी दीपालीनं ती वाचली, मुलीच्या गळ्यातला बिल्ला बोटानं सरळ केला आणि मेट्रोकडे निघाली. तिची पाठ त्या दिवशी जरा ताठ होती, असं मला वाटलं. स्वतःवर खूश असलं की माणसाला असलं काहीही दिसतं.

दुपारी न्यायला आजोबा यायचे. हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, पण आमच्याकडे हे असंच असतं: कोर्टात समोरासमोर उभी असलेली माणसंही एकमेकांवाचून दिवस ढकलू शकत नाहीत. दीपालीच्या माहेरी बघणारं कुणी नव्हतं, पाळणाघराला तिचा जीव धजत नव्हता. म्हणून नवऱ्याशी भांडण असलं तरी दुपारी बारा ते संध्याकाळी सात मुलगी सासऱ्यांकडे, टेकडीवरच्या चाळीत. तिचा बाप, संदेश, तिथं राहत नव्हता. तो मला कधी दिसलाच नाही. घाडी आजोबा मात्र पावणेबारालाच गेटाशी उभे. ते कामाला होते ती गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वीस वर्षं कुठल्याशा सोसायटीत वॉचमनकी केली होती, त्यामुळे गेटाशी कसं उभं राहायचं हे त्यांना ठाऊक होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री, खिशात नातीसाठी खोबऱ्याची वडी कागदात बांधलेली. आणि समोर येईल ती अक्षरं वाचायची त्यांना सवय होती. शाळेच्या पाट्या, सूचना, मुलांचे बिल्ले.

त्यांनी नातीचा बिल्ला वाचला. ओठ हलवत वाचला. मग छत्री भिंतीला टेकवून माझ्याजवळ आले.

"बाई, पोरीचो बापूस जित्तो आसा. मगे नाव खंय गेला?"

बाप जिवंत असताना त्याचं नाव कुठं गेलं, हा त्यांचा प्रश्न सरळ होता. मी शाळेचं, सवलतीचं, कसलंतरी गुळमुळीत बोलले. त्यांनी ते ऐकून घेतलं. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ते खाली बघत म्हणाले, "माझ्या झिलान काय केल्यान, ता माका ठाऊक आसा. पण चेडू आमचा आसा, बाई." मुलगा वाईट वागला हे ते नाकारत नव्हते. पण मुलाबरोबर नातही पुसली जातेय, असं त्यांना त्या पट्टीत दिसलं होतं.

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, रजिस्टर माझं, बिल्ले तुमचे. झालं. आईचं आणि आजोबांचं, दोघांचंही खरं, आणि मला दोघांनाही दुखवायचं नव्हतं. आता मागे वळून बघताना वाटतं, या जगातला निम्मा घोळ कुणालाच दुखवायचं नाही म्हणणाऱ्या माणसांनी करून ठेवलाय. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा उपाय मी रात्रभर न शोधता पाच मिनिटांत काढला, यातच मी सावध व्हायला हवं होतं.

फळांच्या तक्त्यात पपई दोनदा असते. एक अख्खी, हिरवी-पिवळी. शेजारी कापलेली, आत केशरी गर आणि काळ्या बिया. मी दोन्ही चित्रं कापली. कापलेल्या पपईखाली आईचं नाव, अख्ख्या पपईखाली बापाचं. दोन्ही पट्ट्या पाठीला पाठ लावून खिशात सरकवल्या. आणि बिल्ला सहज उलटावा म्हणून मुद्दाम नवा खिसा केला, एकाच भोकाचा. सकाळी कापलेली बाजू बाहेर, दुपारी अख्खी. पहिले चार दिवस बारा वाजता मीच तो उलटा करत होते. पाचव्या दिवशी घंटा झाली आणि मी वळून बघते तर आर्वीनं आपल्या हातानं बिल्ला फिरवला होता. दप्तर घेतलं, चपला घातल्या, बिल्ला फिरवला, रांगेत उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं.

मी शेजारच्या वर्गातल्या बाईंना कौतुकानं सांगितलं, काय हुशार पोरगी आहे बघा. हो, कौतुकानं. ते शब्द मला परत घेता येत नाहीत.

जून गेला, जुलै गेला. खिडकीतल्या दोरीवर मुलांचे रेनकोट निथळायचे, वर्गात ओल्या मोज्यांचा आणि डब्यातल्या तूपसाखर-पोळीचा एकत्र वास असायचा. तो वास यंदा पुन्हा येईल आणि मला तो आवडतो, अजूनही. आर्वी माती मळायची, गाणी म्हणायची, भोपळ्याला ढकलायची. सगळं ठीक चाललं होतं. आई खूश, आजोबा खूश, दोघांनाही दुसऱ्या बाजूचा पत्ता नाही. गेटावर मूल सोपवलं की मावशी बिल्ला काढून घ्यायच्या, तो शाळेतच खिळ्यावर टांगलेला राहायचा, त्यामुळे घरी कळायचा प्रश्न नव्हता. गणपतीनंतर मुलांचे डोळे तपासायला एक डॉक्टरीण बाई आल्या. मुलांना एकेक करून स्टुलावर बसवत होत्या. त्यांनी आर्वीला नाव विचारलं. सोपा प्रश्न. तोवर वर्गातलं अगदी बुजरं पोरही नाव सांगायला लागलं होतं. आर्वीनं आधी बिल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आत्ताचं सांगू, की जातानाचं?"

डॉक्टरीण बाई हसल्या. मुलं काय गोड बोलतात, असं त्यांना वाटलं असणार. मी मात्र घाईनं रजिस्टरातलं नाव सांगून टाकलं. त्या दुपारी मी तो बिल्ला काढून टाकायला हवा होता. मी ठरवलंही होतं. पण काढला तर सकाळी कोणती बाजू दाखवायची, दुपारी काय सांगायचं, हे सुचेना. मग म्हटलं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालू दे, तोवर कदाचित कोर्टाचं काही होईल. दुसऱ्याच्या हातातला निर्णय आला की आपली सुटका होते, या आशेवर आपण किती दिवस काढतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी मुलांनी केलेले कंदील पाहायला पालकांना बोलावलं होतं. दीपाली हाफ डे टाकून आली. आजोबा नेहमीप्रमाणे पावणेबाराला होतेच. मला आधी सुचायला हवं होतं, पण कंदिलांच्या गडबडीत सुचलं नाही. वर्गाच्या दारात एका बाजूला आई, एका बाजूला आजोबा. दोघंही एकमेकांशी न बोलता आत बघत होते. घंटा झाली. आर्वीनं दप्तर घेतलं, चपला घातल्या आणि सवयीनं बिल्ल्याला हात लावला. मग तिला आई दिसली.

ती थांबली. बिल्ला अर्धा फिरवला, परत आणला. पुन्हा फिरवला. आई म्हणाली, चल. आजोबा म्हणाले, ये गो बाय. आर्वीनं माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांचीही नसलेल्या मुलीनं मला विचारलं होतं, न बोलता, की आता कुठली बाजू. मी हातातला कंदील टेबलावर ठेवला. मग तिनं दोन्ही तळवे बिल्ल्यावर दाबून धरले. छातीशी, घट्ट. आणि तशीच उभी राहिली.

दीपालीला वाटलं, तिला काही लागलंय. ती पुढे आली, गुडघ्यावर बसली, मुलीचे हात सोडवायला लागली. आर्वी सोडेना. ओढाताणीत नाडी खेचली गेली आणि मानेमागचं टिचबटण सुटलं. बिल्ला आईच्या हातात आला, एका भोकातून लोंबकळत गरकन फिरला, पुन्हा फिरला. दोघांनीही दोन्ही बाजू वाचल्या. आजोबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसले. दीपाली उठली. ती ओरडली नाही.

"बाई, मी एक नाव मागितलं होतं तुमच्याकडे," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या मुलीला लपवायला शिकवलंत."

बिल्ला तिनं माझ्या टेबलावर ठेवला. नाडी ओढली तर गळा सुटावा, एवढी काळजी मी घेतली होती. तेवढीच घेतली होती.

सुट्टी संपल्यावर आर्वी आली नाही. आठवडा गेला, पंधरा दिवस गेले. दीपालीचा नंबर बंद येत होता. एका दुपारी मी टेकडी चढून चाळीत गेले. आजोबांच्या खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, गावाला गेले ते. बरोबर नात होती का, विचारलं, तर म्हणाली, बघितलं नाय बाई, पहाटेच्या गाडीनं गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, दाखला मागायला कुणी ना कुणी येईल, तेव्हा कळेल. कुणी आलं नाही. बालवाडीच्या दाखल्यावाचून कुणाचं काही अडत नाही. वर्षअखेरीस तिच्या नावासमोर रेघ ओढली. आता ती साडेपाच वर्षांची असेल, मालाडला की मानखुर्दला की कोकणातल्या एखाद्या शाळेत, आईजवळ की आजोबांजवळ. मी काहीच करू शकले नाही, आणि जे केलं ते करायला नको होतं.

यंदाच्या मे महिन्यात बिल्ल्यांचा डबा उघडला तेव्हा आर्वीचा बिल्ला तळाशी होता. गेल्या वर्षी मी त्याला हात लावला नव्हता. दोन्ही पट्ट्या काढल्या. खिसा धड होता, शिवण पक्की होती, मी काम चांगलंच केलं होतं. पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बघत बसले. आर्वी दीपाली सावंत. आर्वी संदेश घाडी. नवरा चहा घेऊन आला, माझ्या खांद्यावरून त्यानं वाचलं. त्याला ही गोष्ट ठाऊक होती, पण पट्ट्या त्यानं कधी पाहिल्या नव्हत्या. तो म्हणाला, "वर्गात आर्वी किती होत्या गं?"

एकच होती. एकवीस मुलांत एकच. मावशींना गेटावर 'आर्वी' एवढं पुरलं असतं. आईला पुरलं असतं की नाही, माहीत नाही. आजोबांना पुरलं असतं की नाही, तेही नाही. दोघंही थोडे थोडे नाराज राहिले असते. पण तिला पुरलं असतं. दोन अक्षरं, एक चित्र, एक बाजू. दोन्ही पट्ट्यांवर पहिला शब्द तोच होता, तो मी माझ्या चांगल्या अक्षरात दोनदा लिहिला होता, आणि मला तो दिसला नाही. अर्धवट नाव लिहायचं नसतं, एवढंच मला दिसत होतं. चहा गार झाला. नवरा आत गेला. मला तिथं बसून रडावंसं वाटलं आणि मी रडले.

यंदा मी सगळ्या बिल्ल्यांवर नुसती पहिली नावं लिहिली. पहिल्याच दिवशी एका आईनं विचारलं, बाई, पूर्ण नाव राहिलं वाटतं. म्हटलं, राहिलं नाही, एवढंच आहे. तिला ते फारसं पटलं नाही. एका आजीनं तर आपल्या नातवाचं आडनाव सांगून, ते कसं लिहायचं हेही समजावलं. मी मान डोलावली.

पपईच्या खिशाला मी पंच मशीननं कोपऱ्यांत दोन भोकं पाडली. अख्खी पपई आणि कापलेली पपई, दोन्ही चित्रं एकाच बाजूला शेजारी चिकटवली, तक्त्यात असतात तशी. खाली नाव लिहिलं, पट्टी सरकवली, नवं टिचबटण लावलं आणि बिल्ला बाकीच्यांबरोबर खिळ्यावर टांगला.

पहिल्या दिवशी साडेआठला मुलं आली. रडणारी रडली. मी एकेक बिल्ला काढून एकेकाच्या गळ्यात घालत गेले, मागचं टिचबटण लावत गेले. एक खिळा भरलेला राहिला. बिल्ल्यावर छत्री असलेल्या एका मुलीनं त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं की पपई कुणाची. मी म्हटलं, आर्वीची. मग ती वळून वर्गभर आर्वीला शोधत राहिली.